फौजेतून काढलेला संघपाल

माह्या भावाले, संघपालले, खऱ्या फौजेत जायचं होतं. उंची कमी पडली, मंग हा कॉम्प्युटरवरच्या फौजेत भरती झाला आन् तिथंच रमला. मी त्याची मोठी बहीण, नीलम. अकोल्याले जठारपेठेत आमचं एकच दुकान. समोर माही झेरॉक्स, मागं त्याचा गेमिंग कॅफे.

त्या लढाईच्या गेमचा पहिला भाग सीडीवर आला, दुसऱ्या महायुद्धाचा. मंग वाळवंटातली लढाई आली. मंग कंपनीले काय झालं बाप्पा, शिपाई हवेत उडू लागले! तो भाग कोणालेच आवडला नाही, याले सोडून. दर भागाले नवं कार्ड, नवी रॅम. मी बोंबलायची, हा हासायचा. असं करत करत यानं सगळ्यात वरची रँक मिळवली. याच्याशी खेळाले अमरावतीहून पोट्टे एसटीनं यायचे.

कॅफेची जुनी रीत म्हणजे सीडी एक, मशिनी सगळ्या. नवा भाग इंटरनेटवरचा, तरी यानं तेच केलं. रविवारी अमरावतीसंग मॅच, म्हणून सरावाले आलेल्या पोट्ट्यायले यानं स्वतःचं खातं सगळ्या मशिनींवर उघडून देल्लं. खातं म्हणजे काय घरचा माठ आहे, कोणीबी यावं आन् पाणी प्यावं? कंपनीच्या यंत्रानं पाहिलं, एकच माणूस इतक्या ठिकाणून लढून राहिला. खातं कायमचं बंद. कारण देल्लं, चीटिंग!

यानं अर्ज केले. दरवेळी तेच उत्तर.

"रँक गेली तं जाऊ दे ताई," तो म्हणे, "पण चीटिंग? चीटिंग करणाऱ्यायले तं म्या या दुकानातून हाकललं वं!"

मले असा संताप आला! पण भांडू कोणाशी? त्या कंपनीले ना दार, ना काउंटर.

रविवारी अमरावतीवाले आले. आमच्या पोट्ट्यायनं तवरक आपापली खाती काढली होती. याचं नवं खातंबी कंपनीनं उघडू देल्लं नाही. अमरावतीची कॅप्टन प्रणाली आपलं खातं उघडून खुर्चीवरून उठली.

"दादा, माह्या खात्यावरून खेळा. तुमच्याशी खेळाले तं आलो आमी. कोणाले काय समजते?"

हा खुर्चीपाशी गेला. माउसवर हात ठेवला.

"बस ना बे!" मी ओरडली.

"नाही ताई. एकाचं खातं दुसऱ्यानं वापरणं चालत नाही, हे पहिले मले माहीत नव्हतं. आता बसलो, तं कंपनीनं लिहिलेलं खरं होईन."

त्यानं प्रणालीले परत बसवलं. आमची टीम एक माणूस कमी घेऊन खेळली आन् हरली.