लाल गाडीचं डावं चाक

डिग्रीकाकांचं शिक्षण नववी नापास. तरीही अख्खं गॅरेज त्यांना डिग्रीकाका म्हणायचं, कारण कुठलं चाक किती अंश कललंय ते गाडी फाटकातून आत येतानाच सांगायचे आणि मागाहून मशीन जवळपास तोच आकडा दाखवायचं. पूर्वी याचं कौतुक व्हायचं. हल्ली आधी मशीनच लावतात, काकांना कोण विचारतो? वय अठ्ठावन्न. त्यातली सव्वीस वर्षं अलाइनमेंटच्या खड्ड्यात गेलेली आणि दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला. खड्ड्याला सात पायऱ्या होत्या. सकाळी उतरताना काका त्या मोजत नसत. संध्याकाळी चढताना मात्र एकेक मोजत.

काम म्हटलं तर सोपं. पुढची दोन चाकं एकमेकांकडे बघतायत की तोंडं फिरवून बसलीत, ते बघायचं. चाक वरून आत झुकलंय की बाहेर, ते बघायचं. मग खाली उभं राहून, मान वर करून, पाना फिरवून त्यांचा समेट घडवायचा. घरातल्या माणसांचं असं पान्याने जमत नाही म्हणून काकांना हे काम आवडायचं. निदान गुडघे शाबूत होते तोवर तरी.

आणि अशात ती लाल गाडी तिसऱ्यांदा आली.

दोन दारांची, दोन माणसांची, जमिनीला घासत चालणारी स्पोर्ट्स कार. एवढी बुटकी की खड्ड्यावर चढवताना पुढचं नाक अडायचं, म्हणून काकांनी तिच्यासाठी दोन फळ्या तासून ठेवल्या होत्या. तक्रार तिन्ही वेळा एकच होती. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड पार सपाट होते, उजवा टायर मात्र चांगला राहतो. पहिल्यांदा काकांनी चाकं जुळवून नवे टायर बसवून दिले. दोन महिन्यांत डावा पुन्हा गुळगुळीत. दुसऱ्यांदा त्यांनी आतले रबर बदलले, सांधे हलवून पाहिले, ड्रायव्हरच्या सीटवर वाळूची पोती ठेवून माणसाच्या वजनासकट आकडे लावले. मशीनवर सगळं हिरवंगार दिसलं. तरी आज गाडी पुन्हा दारात.

गॅरेजच्या मालकाला सगळे धाकटे मालक म्हणत. थोरले जाऊन नऊ वर्षं झाली तरी हे धाकटेच राहिले होते आणि त्याचा राग दिवसातून एकदा कुणावर तरी निघायचाच. आज काकांची पाळी होती.

"काका, शेवटचं सांगतो," ते खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले. "ही गाडी याच तक्रारीवर परत आली ना, तर तुम्ही आपले हवा भरायला बसा. खड्डा मी दुसऱ्याला देतो."

हवेच्या नळीपाशी खुर्ची होती, सावली होती, पायऱ्या नव्हत्या. दमलेल्या माणसाला आणखी काय हवं? पण सव्वीस वर्षांत आपल्या हातून गेलेली गाडी बिघडलेली निघाली, असं कुणी म्हटलं नव्हतं. आता जाता जाता तेवढं ऐकायचं आणि मग खुर्चीत बसून स्कूटरच्या चाकांत हवा भरायची, हे काकांच्या घशाखाली उतरेना.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी बायकोपुढे सगळं ओकलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मशीन खोटं बोलत नाही म्हणता," ती म्हणाली.

"नाही बोलत."

"आणि टायरही नाही बोलत."

"टायर कशाला बोलेल खोटं?"

"मग राहिलं कोण? तो गाडीवाला साहेबच की." आणि काकांच्या मांडीवर घड्यांचा गठ्ठा ठेवून म्हणाली, "हे आत नेऊन ठेवा. फुकट डोकं चालवून दिलं मी."

साहेब खोटं बोलतोय असं काही काकांना वाटत नव्हतं. पन्नाशीचा, नीटनेटका, गाडीपेक्षा जास्त झिजलेला दिसणारा माणूस. गाडी कुठे कुठे नेता, असं विचारलं की दर वेळी एकच उत्तर द्यायचा, "घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. सरळ रस्ता आहे. दुसरीकडे नेतच नाही."

दुसऱ्या दिवशी खरा धागा सापडला तो गाड्या धुणाऱ्या मावशीमुळे. काम झालेली प्रत्येक गाडी ती धुऊन द्यायची, आणि धुताना गाड्यांना शिव्याही द्यायची.

"ओ डिग्रीकाका, तुमच्या त्या लाल गाडीत कोण म्हातारं बसतं हो?"

"कुणी नाही. साहेब एकटेच असतात."

"एकटे! डाव्या काचेवर तेलकट डाग असतो डोक्याचा. गेल्या वेळी घासघासून काढला, त्याच्या आधीच्या वेळीही काढला. आज पुन्हा तिथेच. लेकरू टेकलं असतं तर डाग खाली पडला असता. आणि धडधाकट माणूस कशाला काचेला डोकं लावून बसेल?"

काका गाडीपाशी गेले. डाव्या खिडकीवर कपाळाएवढा गोल डाग होता. सीट पार मागे सरकवलेली होती आणि पाठीशी एक जुनी उशी होती. मग ते खाली वाकले, गुडघ्यांना शिव्या घातल्या आणि डाव्या टायरवर तळहात फिरवला. एका दिशेने मऊ लागत होता. उलट दिशेने करवतीसारखा. चाक आडवं फरपटत गेल्याशिवाय रबराला असे दात येत नाहीत. हे त्यांनी पहिल्याच दिवशी पाहायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी ते मशीनकडे बघत होते, आणि आपणही शेवटी मशीनवालेच झालो याची त्यांना मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी साहेब गाडी न्यायला आले तेव्हा काकांनी त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, ही गाडी गोल फिरते. नेहमी उजवीकडे वळत."

"छे हो. घर ते ऑ..."

"आणि डाव्या सीटवर कोण बसतं?"

साहेबांनी गाडीच्या डाव्या सीटकडे पाहिलं. मग म्हणाले, "बाबा. पण ते धरू नका. ते काय गाडी चालवणं झालं? ते बाबांना फिरवणं."

मग एकेक बाहेर आलं. बाबांना दोन वर्षांपासून काही आठवत नव्हतं. संध्याकाळ झाली की घरात बसल्या जागी 'घरी चला, घरी चला' सुरू व्हायचं. दाराची कडी काढायला बघायचे, कुणी धरलं तर मारायचे. एकदा कंटाळून साहेबांनी त्यांना गाडीत घातलं आणि घराजवळच्या पाण्याच्या टाकीला चकरा मारल्या, तर दहाव्या चकरेला बाबा शांत झोपले. तेव्हापासून रोज तीस, कधी चाळीस चकरा. गाडी हळू केली की जागे होतात, म्हणून हळूही करता येत नाही.

"गंमत बघा," साहेब म्हणाले, पण हसले नाहीत. "ही गाडी घेतली तेव्हा सहा महिने बोलले नव्हते माझ्याशी. उधळ्या म्हणाले. तसं आमचं आधीही कधी पटलं नाही. आता रोज विचारतात, कुणाची गाडी? मी सांगतो, माझी. तर म्हणतात, छान आहे."

काकांनी धाकट्या मालकांना एवढंच सांगितलं की गाडीत दोष नाही, ती गोल फिरते म्हणून टायर खाते. कुणाच्या घरातली गोष्ट चारचौघांत कशाला? मालक म्हणाले, "गिऱ्हाईकावर ढकलू नका, काका. नवे टायर टाका. परत आली की बघू."

नवे टायर बसवून गाडी दिली, आणि त्या संध्याकाळी काका घरी न जाता टाकीपाशी गेले. टाकीभोवती रुंद गोल रस्ता होता, दोन्ही बाजूंनी वाहनं जाणारा, पण त्या वेळी रिकामा. काका आधी दुकानांच्या बाजूला उभे राहिले. लाल गाडी वळणावर जोरात आली आणि गेली. डाव्या काचेला एक म्हातारं डोकं टेकलं होतं, पांढरे केस काचेवर चपटे झाले होते. गाडी उजवीकडे वळत होती, तिच्या ओढीने म्हातारा बाहेरच्या बाजूला कलला होता आणि त्याच्या खालचं चाक सगळा भार घेऊन फरपटत होतं. बघताना काकांच्याच गुडघ्यात कळ आली.

दोष डोळ्यांसमोर होता, पण तो पान्याने निघणार नव्हता. या गाडीचे पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे, शिवाय डाव्या-उजव्यांची फिरायची दिशा ठरलेली, म्हणून ते आपसांत बदलता येत नव्हते. चकरा बंद करा, असं कुठल्या तोंडाने सांगणार? काका रस्ता ओलांडून टाकीखालच्या बाकावर जाऊन बसले. आता साहेबांची खिडकी त्यांच्या बाजूला आली. सातव्या चकरेला साहेबांनी त्यांना पाहिलं, पण थांबता कुठे येत होतं? काच खाली करून जाता जाता ओरडले, "बोला! बाबांना कमी ऐकू येतं!"

गाडी गेली. पुन्हा आली तेव्हा काका उभे राहून ओरडले, "साहेब, एक दिवस असं फिरवा, एक दिवस उलटं! दोन्ही चाकं सारखी झिजतील!"

गाडी वळणाआड गेली. काका थांबले. पुढच्या चकरेला उत्तर आलं.

"उलटं फिरवलं तर माझ्या अंगावर कलतील ते!"

आणि गाडी गेली. एवढ्या मोठ्या माणसाने हे असं ओरडून सांगावं! पूर्ण चक्करभर काका विचार करत उभे होते, आणि चक्कर काही मोठी नव्हती.

"मग कलू द्या की!" ते ओरडले.

त्यानंतर काका आणखी सहा चकरा बसून राहिले, पण खिडकीतून काही आलं नाही. घरी पोचले तेव्हा बायकोने विचारलं, कुठे होतात? काका म्हणाले, टायर बघत होतो. तिने ताट वाढायला घेतलं.

पुढचे दोन महिने खड्ड्यात उतरताना रोज काकांचं लक्ष फाटकाकडे असायचं. लाल गाडी आली ती एका सकाळी, टायर तपासून घ्यायला. धाकटे मालक बातमी लागल्यासारखे ऑफिसातून बाहेर आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. काकांनी आधी डावी काच पाहिली. स्वच्छ होती. बरं वाटलं त्यांना. ऐकलं म्हणायचं साहेबांनी.

मग फळ्या लावल्या, गाडी वर घेतली आणि काका सात पायऱ्या उतरून खाली गेले. डाव्या टायरवर हात फिरवला. झीज अगदी थोडी. उजव्यावर फिरवला. त्याच्या बाहेरच्या कडेला दात आले होते, म्हणजे गाडी उलटी फिरली होती. पण किती? काकांनी बोटाने पुन्हा चाचपलं. दोन्ही चाकांची मिळून वीस-पंचवीस दिवसांची झीज. त्या दातांच्या कडा पुढे सरळ रस्त्यावर चालून बोथट झालेल्या. कडेच्या खाचांत धूळ बसलेली. त्यानंतर काही नाही. महिनाभर ही गाडी फक्त घर ते ऑफिस गेली होती.

काकांचा हात टायरवरच राहिला.

"काय हो काका?" वरून मालक म्हणाले. "झीज आहे?"

"नाही. थांबली."

"बघा! मनावर घेतलं की जमतं. उगाच गिऱ्हाईकाला नावं ठेवत होता." मालक एकदम खूश झाले. "खड्डा तुमचाच, काका. जाऊ द्या, मीही बोललो जरा जास्त."

काका पायऱ्या चढून वर आले. साहेब फाटकाशी उभे होते, हात खिशात घालून.

"कधी?" काकांनी विचारलं.

"गेल्या महिन्यात. झोपेतच गेले." साहेब गाडीकडे बघत होते. "त्याआधी बारा दिवस उलटं फिरवलं. एक दिवस असं, एक दिवस तसं म्हणाला होतात, पण मी मग उलटंच फिरवत राहिलो."

"कलायचे?"

"पहिल्या दिवशी मी खांदा ताठ धरला होता, बाजूला होतील म्हणून. झाले नाहीत. जड डोकं होतं हो. गिअर टाकताना हलायचं, मग मी गिअर टाकणंच सोडलं, एकाच गिअरमध्ये फिरवायचो." त्यांनी खिशातून हात काढून डाव्या खांद्यावर ठेवला. "एकदा विचारलं त्यांनी, कुणाचा खांदा? मी म्हटलं, माझा."

"काय म्हणाले?"

 साहेबांनी नुसती मान हलवली आणि रुमाल काढला. काकांनी त्यांच्या दंडाला हात लावला, तेव्हा हाताचं काळं ग्रीस शर्टाला लागलं. दोघांनीही ते पाहिलं.

धाकट्या मालकांनी कामाचा कागद आणून काकांपुढे धरला. त्यावर वर तक्रार लिहिली होती, 'डावा टायर झिजतो', आणि खाली मालकांनी स्वतःच्या हाताने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दोष दुरुस्त'. सही काकांची हवी होती. सव्वीस वर्षांत असे हजार कागद त्यांनी न बघता सही करून दिले होते. आज पेन हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले. मालकांना वाटलं, चष्मा नसेल.

ही गाडी आज सपाट टायर घेऊन यायला हवी होती, असं काकांना वाटत होतं. काचेवर डाग घेऊन, तीच तक्रार घेऊन यायला हवी होती. हवा भरायला बसायला त्यांची काही हरकत नव्हती.