ब्रेक पायात असतो

गेल्या ऑक्टोबरात मी दिंडोरी रोडवर, सकाळी अकरा वाजता, बायको आणि मुलीच्या देखत आडवा झालो.

तसं आडवं होण्याचं माझं वय नाही आणि तो माझा धंदाही नाही. मी विमा एजंट. गेली बावीस वर्षं लोकांना आडवं होण्याची भीती घालून माझं पोट भरतंय. गिऱ्हाइकानं साधी पॉलिसी घ्यायचं कबूल केलं, की मी हळूच पुढचं पान उलटतो आणि म्हणतो, "यात थोडे जास्त भरले की अपघाताचंही संरक्षण मिळतं. लागू नये, पण असलेलं बरं." बहुतेक जण हसतात आणि पान परत मिटतात.

तर झालं असं, की आमच्या ऋतुजाला दिंडोरीच्या पुढे एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. (माझ्या आईला आम्ही 'फळांच्या रसाची कंपनी' असं सांगितलंय. ते खोटंही नाही.) आमच्या म्हसरूळच्या घरून रोज जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. तिला मोटरसायकल हवी होती. आम्ही तिघं शोरूमला गेलो. तिथे अगदी जुळ्या बहिणींसारख्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. रंग तोच, इंजिन तेच. फरक एकच, एकीला एबीएस होतं आणि तिची किंमत जास्त होती.

शोरूममधल्या वाघ मॅडम चाळिशीच्या, शांत बाई. त्यांनी समजावून सांगितलं, "जोरात ब्रेक दाबला की साध्या गाडीचं चाक जाम होतं आणि गाडी घसरते. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. ब्रेक धरतं, सोडतं, परत धरतं. गाडी सरळ राहते."

"म्हणजे मी दाबलेला ब्रेक ती गाडी सोडणार, आणि त्याचे जास्त पैसे मी द्यायचे?"

"हो सर."

मी हसलो. (माझी गिऱ्हाइकं हसतात, अगदी तसाच.) "मॅडम, ब्रेक गाडीत नसतो. ब्रेक पायात असतो. सोळा वर्षं माझी एकच साधी गाडी चालवतोय. पुढच्या ब्रेकला हातसुद्धा लावला नाही कधी."

"कधीच नाही?" मॅडमचा चेहरा पडला.

"पुढचा दाबला की माणूस हँडलवरून उडतो."

ऋतुजा गाडीवर बसूनच म्हणाली, "बाबा, लागू नये, पण असलेलं बरं."

पहिला धक्का मला तिथे बसला. दुसरा लगेच सुनंदानं दिला. एरवी दुधाच्या पिशवीचा दर वाढला तरी आठवडाभर बोलणारी माझी बायको म्हणाली, "अहो, पोरगी रोज त्या रस्त्यानं जाणार आहे. घेऊन टाका."

बाप म्हणून माझी काही इज्जत होती. मी तोडगा काढला. वाघ मॅडमना म्हटलं, "तुमची टेस्ट राइडची गाडी काढा. ऋतुजा ती चालवेल, तुम्ही तिच्या मागे बसा. मी माझ्या गाडीवर हिला घेऊन पुढे राहतो. साध्या ब्रेकवर गाडी कशी आवरायची ते दाखवतो. मग ठरवू."

मॅडम म्हणाल्या, "सर, दाखवायची काही गरज नाही."

"गरज आहे," मी म्हणालो.

निघालो. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. बागांमधून ट्रॅक्टरची ये-जा चालू आणि चाकांची माती डांबरावर पसरलेली. मी मधूनमधून आरशात बघत होतो. ऋतुजा चांगलं अंतर ठेवून येत होती. मागे बसलेली सुनंदा दोनदा म्हणाली, "हळू चालवा." दोन्ही वेळा मी तिला सांगितलं, की हे हळूच आहे.

ढकांब्याच्या अलीकडे डावीकडच्या बागेतून फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर आला. त्याची टाकी गळत होती आणि रस्त्यावरच्या मातीचा मस्त चिखल झाला होता. ट्रॅक्टर अर्ध्या रस्त्यात येऊन थांबला. मी ठेवणीतला पाय काढला आणि ब्रेक दाबला.

मागचं चाक जाम झालं. गाडीचा मागचा भाग माझी परवानगी न घेता उजवीकडे निघाला. मी पुढे तोंड करून निघालो होतो, तो आता शेताकडे तोंड करून चाललो होतो. वेग तसा कमी झाला होता. गाडी कलली तशी सुनंदानं दोन्ही पाय खाली टेकवले आणि सिटी बसमधून उतरावं तशी ती रस्त्यावर उभी राहिली. पर्ससकट. मी आणि गाडी मात्र तिला तिथेच सोडून पुढे घसरत गेलो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापाशी थांबलो.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग मी मान वळवली.

ऋतुजाची गाडी थेट माझ्याकडे येत होती. उठायला वेळ नव्हता. मला फक्त पुढचं चाक दिसत होतं, आणि हेल्मेटच्या काचेमागे तिचे डोळे. इतके मोठे डोळे मी तिच्या जन्मानंतर पहिल्यांदाच पाहिले. गाडी त्याच चिखलात शिरली. वाकडी झाली नाही, कलली नाही. गुरगुरल्यासारखा आवाज करत सरळ आली आणि माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर थांबली. टायरवरचा चिखल माझ्या कपाळावर उडाला.

ट्रॅक्टरचं इंजिन बंद पडलं.

ऋतुजा उतरली. तिला हेल्मेटचा पट्टा सुटेना. सुनंदानं तो सोडवला. पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, मी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. घाबरून दाबले. हे जर त्या दुसऱ्या गाडीवर..." ती माझ्याजवळ चिखलातच बसली. लहानपणी धरायची तशी तिनं माझी करंगळी धरली होती.

ट्रॅक्टरवाले दादा खाली उतरले. "लय जोरात दाबला तुमी. चिखल दिसला नाय का?"

"दिसला," मी म्हणालो.

"मंग?"

मी कपाळावरचा चिखल पुसला.

वाघ मॅडमनी माझा कोपर पाहिला आणि त्यावर आपला रुमाल बांधला. गाडी विकायची संधी इतकी आयती चालून आलेली असतानाही बाई एवढंच म्हणाल्या, "मुलीनं अंतर ठेवलं होतं म्हणूनही वाचलात, सर. एबीएस काही जादू नाही."

"मॅडम," मी पडल्यापडल्याच म्हणालो, "जुळ्यांमधली महाग ती द्या."

"आणि तुम्ही पुढचा ब्रेक वापरायला शिका," सुनंदा म्हणाली. तिच्या साडीला चिखलाचा एक थेंब लागला नव्हता.

एक्स-रेत कोपराच्या हाडाला बारीक चीर निघाली. डॉक्टरांनी तीन आठवडे हात गळ्यात बांधलेल्या झोळीत अडकवायला सांगितला. गाडी चालवायला बंदी. मग ऋतुजा नोकरीला जाताना मला नव्या गाडीवर मागे बसवून दिंडोरीत सोडायची आणि मी तिथल्या गिऱ्हाइकांना भेटायचो. पहिल्याच घरी एका बागायतदारानं माझा हात पाहिला आणि विचारलं, "काय झालं हो?" मी सगळं सांगितलं. त्यानं पुढचं पान स्वतः उलटलं आणि अपघाताच्या संरक्षणावर सही केली. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी नवरा-बायको दोघांनी. बावीस वर्षं गोड बोलून जे जमलं नाही, ते एका झोळीनं करून दाखवलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. काढा ती झोळी."

मी आणखी दीड महिना घातली.