रेच्याच्या लाटेची सनई

जी सनई माझा थोरला भाऊ सहा वर्षं देवळात वाजवत होता, ती आमच्या पणजोबांची नव्हती. हे मला एकट्याला ठाऊक होतं आणि मी गप्प होतो.

यंदा इनामांची चौकशी निघाली. देवळात सनई वाजवायच्या चाकरीबद्दल तेल्हाऱ्याच्या शिवेला आमचं एक इनामाचं वावर आहे. सनद वाळवीनं खाल्लेली. कागद नसेल तर चाकरी जुनी असल्याचा दुसरा पुरावा आणा, नाहीतर वावर सोडा, असं अकोल्याच्या कचेरीतून सांगणं आलं. दादा निवांत होता. म्हणाला, "पंजोबाची सनई हाय ना. तिचं वय कोनीबी जाणकार सांगन."



सहा वर्षांमागं समुद्रापलीकडे लढाई लागली, तिकडचा कापूस अडला आणि आमच्या कापसाचा भाव चढला, त्या पहिल्या वर्षाची गोष्ट. अमरावतीच्या एका लग्नात वाजवायला मी दादाला न विचारता सनई घेऊन निघालो. कापसाच्या गाडीत जागा मिळाली. सनई फडक्यात गुंडाळून बोऱ्यांच्या मध्ये ठेवली आणि झोपलो. गाडी खड्ड्यात गेली, बोरे सरकले. अमरावतीत फडकं सोडलं तर नळी उभी चिरलेली.

परतताना अकोल्याला लाकूड कातणाऱ्या काताऱ्याकडे गेलो. त्याला मान वर करायला सवड नव्हती. "सनईले लाकूड कुठून आणू बाप्पा? सारा मुलूख रेचे मागून राहिला. या लाटा पडल्या हायेत, यातली एक देतो कातून." रेचा म्हणजे सरकी काढायचं हातयंत्र. त्याच्या दोन लाटांमधून, म्हणजे टोकाला मळसूत्राचे आटे पाडलेल्या लाकडी रुळांमधून, कापूस ओढला की सरकी मागे राहते. त्यातल्या एका लाटेची त्यानं सनई केली आणि आट्यांच्या टोकावर जुनीचं पितळी तोंड बसवलं. जुनी दिसावी म्हणून तेल-काजळी मी स्वतः चोळली आणि चिरलेली नळी घरी माळ्यावर लपवली.

दादा पहिल्या दिवशी म्हणाला, "थंडीनं आवाज बसला हिचा." मी म्हटलं, व्हय. त्यानंतर मी कधी पुढे होऊन वाजवलं नाही, त्याच्या मागे नुसता सूर धरला. धाकट्याला मोठेपणाची हाव नाही, असं गावात माझं कौतुक होई. तेही मी ऐकून घेतलं.

आम्ही दोघं अकोल्याच्या कचेरीत गेलो, तेव्हा कारकुनानं बाळापूरचे एक वृद्ध शहनाईवाले बोलावले होते. त्यांनी पितळी तोंड उपसून काढलं, नळीचं टोक उजेडात फिरवलं आणि हसले. "वाजत असन चांगली. पन हे तं रेच्याची लाट होय. हे पाहा मळसूत्राचे आटे."

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. "म्हणजे खोटा पुरावा आणला?"

दादाचा चेहरा काळा पडला. "बाबा, नजर गेली तुमची," तो म्हणाला. पण आटे त्यालाही दिसत होते.

चिरलेली सनई माझ्या भाकरीच्या गाठोड्यात होती. प्रत्येक मुक्कामाला मी ती काढायची ठरवली होती आणि प्रत्येक मुक्कामाला पुन्हा गाठ मारली होती. आता ती मेजावर ठेवली आणि सगळं सांगितलं. दादाकडे न बघता.

"मग ही तरी खरी कशावरून?" कारकुनानं विचारलं.

म्हाताऱ्यांनी सुईनं भोकातलं मेण खरवडलं. सूर जुळवायला लावलेलं ते मेण थरावर थर निघालं, तळाशी दगडासारखं. मग त्यांनी भोकांवर बोट फिरवलं. "दोनी बाजूंनी झीज हाय. कोनी उजवा हात खाली धरे, कोनी डावा. एका जन्मात इतकं लाकूड झिजत नाई, साहेब. तीन पिढ्या तरी गेल्या हिच्यावर."

दादा हळूच म्हणाला, "आजा डावखुरा होता आमचा."

कारकुनानं ते लिहिलं. माझी जबानीही लिहिली आणि खाली सही घेतली.

आम्ही परतीला लागलो. अर्ध्या वाटेवर दादा म्हणाला, "सहा साल मी रेचा फुंकून राहिलो, अन् तू मांगं बसून सूर धरून राहिला."

"व्हय दादा."

"कावून नाई सांगितलं?"

"भेलो. तुले."

"मी काय वाघ हाय?" थोडं चालून तो थांबला, धापा टाकत. "उद्यापासून पहाटेची तू वाजव. माहा दम पुरत नाई आता. दोन साल झाले. मीबी कोनाले सांगितलं नोतं."

आता पहाटे मी वाजवतो, त्याच लाटेवर. बोटं अजून अडखळतात. दादा मागे सूर धरतो आणि चुकलो की कोपरानं ढोसतो. निकाल अमरावतीच्या वरच्या कचेरीतून यायचा आहे. दादानं पेरणीसाठी वावर वखरून ठेवलं आहे.