अर्धं सांगितलेलं दुखणं

हे लिहावं की नाही, इथेच मी बरेच दिवस अडलो होतो. दुखणं अशा जागेचं, की बायकोसमोरही शब्द फुटत नव्हता. पण देवीच्या नावावर मी एक खोटं चालू ठेवलं होतं. ते फेडायचं तर जागेचं नावही घ्यावं लागणार.

मी तलासरीत शिवणकाम करतो. काही वर्षांपूर्वी शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली. शिलाई अर्धी टाकून धावावं लागे. तपासणीत मोठ्या आतड्याला आतून व्रण निघाले; डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणाले. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, असंही बजावलं. त्याच सुमारास मी डहाणूजवळच्या गडावरच्या महालक्ष्मीला नवस बोललो. गोळ्या चालू असतानाच रक्त थांबलं. मी गोळ्या सोडल्या आणि आमच्या भजनात उभं राहून सांगितलं, "आईनं मला औषधाशिवाय बरं केलं." लोकांनी हात जोडले, एकदोघांच्या डोळ्यांत पाणी आलं.

गेल्या वर्षी रक्त पुन्हा दिसलं. आता कबूल केलं तर लोक आईला खोटी म्हणतील, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला माझी अब्रू जपायची होती. जुन्या चिठ्ठीवर डहाणूहून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून मी चोरून खाऊ लागलो. रक्त जरा कमी झालं आणि मग गुदद्वाराशेजारी गळू आलं. मशीनवर टेकवेना. मी दिवसभर उभ्यानं कापड कापायचो आणि बायकोला सांगायचो, "लग्नसराई आहे, कटिंग तुंबलंय." रात्री वेगळी चटई घालून पालथा पडायचो. ताप नव्हता, म्हणून वाटलं गळू लहानच असेल. ही आईची शिक्षा आहे, यात्रेत गड चढून स्वतः शिवलेली चुनरी वाहिली की ते आपोआप फुटेल, असं मी धरून चाललो.

चैत्राच्या यात्रेला आम्ही दोघं जीपनं निघालो. आत जागा असून मी मागच्या पायरीवर लटकलो. किनाऱ्यावरच्या झाई गावची एक मासे विकणारी बाई आत बसली होती.

"अरे दादा, आत ये की! जागा हाय. का माझ्या अंगाला बोंबलाचा वास येतो?"

जीप हसली. "मला हवा लागते," मी म्हणालो.

"लटकतो बघा कसा, कॉलेजातल्या पोरासारखा!"

तेवढ्यात जीप खड्ड्यात आदळली आणि माझ्या तोंडून किंकाळी निघाली. तिचं हसू थांबलं. माझ्या घामेजल्या तोंडाकडे बघत तिनं सरळ विचारलं, "गळू हाय ना, खाली?"

जमीन दुभंगावी असं वाटलं. मी होकारार्थी मान डोलावली.

"आणि पोट? रक्त पडतं?"

मी पुन्हा मान डोलावली.

"माझा घरवाला असाच लटकून जायचा. पोटाच्या डॉक्टरला गळू नाय सांगितलं, गळूवाल्याला पोट नाय सांगितलं. दोघांनी अर्धं अर्धं बरं केलं, आणि माणूस अख्खा गेला."

समोर बसलेली बायको हळूच म्हणाली, "अहो, मला वाटत होतं तुम्ही माझ्यावर रुसलात."

तरीही मी म्हणालो, "आधी गड चढून येतो. नवस आहे."

ती बाई भडकलीच. "पोटुशी भक्तीण चढू शकली नाय, म्हणून आई गडावरून पायथ्याशी उतरली. एवढं ठाव नाय तुला? आणि तू पू घेऊन तिला वर भेटायला निघालास? ड्रायव्हर, दवाखान्याकडे घे!"

उतरताना मी चुनरी आईला वाहायला तिच्या हातात दिली. नाव विचारायचं राहिलं.

दवाखान्यात मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. चोरून घेतलेल्या गोळ्याही. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच मोठ्या इस्पितळात धाडलं आणि तिथे त्याच दिवशी पू काढला. तो आत खोलवर गेला होता. सर्जन म्हणाले, "ही दोन दुखणी वेगळी धरू नका. आतडं पेटलेलं असताना इथे गळू होऊ शकतं. त्यात या गोळ्या अंगाची ताकद दाबतात, म्हणून ताप आला नाही. तुम्ही आणखी थांबला असता तर विष रक्तात गेलं असतं." असं गळू आतड्याच्या दुसऱ्या एका आजारात जास्त दिसतं, म्हणून तोही तपासला. तो निघाला नाही. आतड्याच्या गोळ्या आता डॉक्टरांच्या सांगण्यानं चालू आहेत.

त्या जीपमध्ये ती बाई का होती, हे मी कोणाला पटवून देणार नाही. एवढंच कळतं, की मी आईकडे बरं होणं मागत राहिलो आणि तिनं मला आधी बोलतं केलं. शरण जायचं तर लाजही तिच्या पायाशी ठेवावी लागते, ती मी मुठीत धरून बसलो होतो.

जखम भरल्यावर मी पुन्हा भजनाला गेलो. मागचं सगळं खोटं होतं आणि गोळ्या सोडू नयेत, हे त्याच लोकांना सांगितलं. कोणी आईला खोटी म्हणालं नाही. पेटीवाले काका फक्त म्हणाले, "उभा राहून सांग, मागे ऐकू येत नाही."

"नको काका," मी म्हणालो, "आज बसूनच सांगतो."