विरजणाची वाटी

गिऱ्हाइकाला घर घेऊच न देणारा एजंट अख्ख्या सातारा-सांगली पट्ट्यात एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. एरवी कराड-मलकापुरात एजंट शोधावा लागत नाही. चहाच्या टपरीवर 'भाड्याच्या घराचा कंटाळा आला बुवा' एवढं नुसतं पुटपुटा, तीन व्हिजिटिंग कार्डं खिशात येऊन पडतात. पण घरचा मामा सोडून परका एजंट धरायचा म्हणजे सासुरवाडीशी जन्माचं वैर. बायकोनं तर स्पष्टच सांगितलं, "घर कुठलंही चालेल, एजंट मामाच."

मामा मूळचे दुष्काळी जतकडचे. मिलिटरीतून हवालदार होऊन आले, पुढं मामी गेल्यावर घरात बसवेना म्हणून मलकापुरात या धंद्यात पडले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिलिटरीचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. घर विकायला निघालेल्या माणसानं घराचं चार शब्द कौतुक करावं की नाही? छे! भिंतीवर टिचकी मारून मालकाच्या तोंडावर म्हणायचे, "हे सिमिट न्हाई, रांगोळी हाय." एका घरात देवघराला मनोभावे हात जोडले आणि मालकाला म्हणाले, "आवं, देव तेवढं पलीकडं सरकवा, वरनं गळतंय." त्या मालकानं आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. लहानपणी टँकरमागं घागर घेऊन पळालेला माणूस. हॉल, बेडरूम, बाल्कनी राहिलं बाजूला, मामा थेट मोरीत. सगळे नळ सोडायचे आणि डोळे मिटून मैफिलीत बसल्यासारखी मान डोलवायचे. मालक म्हणायचा, "चोवीस तास पाणी आहे." मामा म्हणायचे, "चोवीस तासाचं ऱ्हाऊ द्या, एप्रिल-मेचं सांगा." अशी सव्वीस घरं त्यांनी नापास केली. बायकोसुद्धा शेवटी वैतागून म्हणाली, "मामा, तुम्ही आमचे एजंट आहात की घरांचे वैरी?"

मला घाई होती ती आईमुळं. आई पाटणजवळच्या गावात एकटी राहायची. त्याच्या आदल्या वर्षी मागच्या दारी घसरून पडली आणि दोन तास तशीच पडून होती. शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या म्हणून कळलं. आमच्याकडं यायला ती कशीबशी तयार झाली, पण अट घालून. "म्हैनाभर बघीन. करमलं न्हाई तर माझी मी परत." मामांनी हे सगळं तिच्याच तोंडून ऐकलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या पिशवीत स्टीलची एक वाटी आली. मग काय, घर बघून झालं की ते वाटी घेऊन शेजाऱ्यांच्या बेल वाजवत सुटायचे. "जरा विरजण मिळंल का?" एका बाईंनी तर सोसायटीच्या चेअरमनलाच बोलावलं. मी जिन्यात तोंड लपवून उभा.

शेवटी माझं डोकं सटकलं. मामांना न सांगता मी एका टायवाल्या एजंटकडं गेलो. पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, आरशाची लिफ्ट, गुळगुळीत फरशी. इसाराचा चेक लिहायला पेन उघडलं आणि दारात मामा! बायकोनं फितुरी केली होती. मामा रागावले नाहीत. आम्हा दोघांना खाली नेऊन वॉचमनला सहज म्हणाले, "आज टँकर आला न्हाई व्हय अजून?" तो बिचारा बोलून गेला, "येतोय की, रोज दहाला येतो." टायवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग परत वर येऊन मामा वाटी घेऊन त्या मजल्यावरची बाकीची चारही दारं फिरले. दोन उघडलीच नाहीत. एकातून आवाज आला, "दही डेअरीत मिळतं काका." चौथ्यानं नुसती मान हलवली.

मी भडकलोच. "मामा, विरजणासाठी कुणी घर घेतं का?"

मामांनी रिकामी वाटी माझ्यापुढं धरली. "जावईबापू, तुमची आई पडली तवा कुणाला घावली? वाटी घिऊन आलेल्या बाईला. हितं विहीणबाई पडल्या तर लिफ्टला कळंल व्हय?"

मी पेन बंद केलं. चेकबुक खिशात घातलं.

पुढच्याच आठवड्यात मलकापुरातल्या एका गल्लीत तळमजल्यावरचं घर बघितलं. रंग उडालेला, खिडक्या करकरणाऱ्या, पण नळाला धो धो पाणी. मामा वाटी घेऊन शेजारी गेले. त्या बाईंनी विरजण तर दिलंच, वर दम दिला, "दूध कोमट करा बरं का, कढत घालशीला. आन् बाईमाणूस कुणी न्हाई का घरात?" मामा वाटी मिरवत आले. "द्या इसार!"

आईचा तो महिना संपून दोन वर्षं झाली. आता अर्ध्या गल्लीला विरजण तीच पुरवते.

आणि मामा? त्यांच्या मुलानं हट्टानं त्यांना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर. मध्यंतरी फोन आला. "वाटी घिऊन शेजारी गेलतो रं. त्यांनी वॉचमनला बोलावलं." लय हसले. मग म्हणाले, "दिवसभर तोंडातनं शबूद न्हाई गड्या." मला जावईबापू म्हणायचंही विसरले होते. आईला सांगितलं तर तिनं गॅस बंद केला, म्हणाली, "त्यांस्नी हिकडं बोलव. घर बघ."

परवा मी वाटी घेऊन गल्लीत निघालो. तिसऱ्या दारी विरजण मिळालं, आणि त्यांच्याच माडीवर भाड्याची एक खोलीही. तिथूनच मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. मामांनी एवढंच विचारलं, "नळ सोडून बघितला का?"

मी मोरीत गेलो, नळ सोडला आणि फोन त्याच्याजवळ धरला. मामा ऐकत राहिले.