मळलेलं सोनं

विट्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या वहिनी कुठलीही वस्तू आधी उजेडात धरून बघतात, मग बोलतात. मग ती मेथीची जुडी असो नाहीतर औषधाची बाटली. परमुलखात नवऱ्याच्या गलाईच्या दुकानात, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या कामात, त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. बोलणं मोजकं, तेही मधेच थांबून.

मी एका दुकानातून जुना कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्या बघायला आल्या होत्या. बटण दाबलं तर पडदा काळाच राहिला आणि आतून नुसता टूं टूं आवाज येऊ लागला. दुकानदार फोन उचलेना. मोबाईलवर उपाय बघून मी कॉम्प्युटरचा खोका उघडला आणि मेमरीची पट्टी बाहेर काढली.

"ही जळलीय बहुतेक," मी म्हणालो.

वहिनींनी पट्टी खिडकीशी नेली आणि तिरकी धरली.

"जळली न्हाई, भावजी." त्या थांबल्या. "कडंला सोन्याचा मुलामा हाय. त्यो मळलाय. खोडरबर हाय का?"

त्यांनी एकेक पिवळी रेघ हलक्या हातानं पुसून काढली. मी पट्टी बसवली, बटण दाबलं आणि पडदा उजळला.

तेवढ्यात दुकानदाराचा फोन आला. मी पट्टीचं सांगितलं तर बदलून देतो म्हणाला. वहिनींनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"बदलू नगा. फुडल्या गिऱ्हाइकाला देताना पुसून देत जावा."

"मॅडम, तुम्ही इंजिनीअर आहात का?"

"न्हाई," वहिनी ताठ बसत म्हणाल्या. "आमी गलाईवालं."