ठिगळाखालचं खरेदीखत

फुआतिनोचा कपाटावर विश्वास नव्हता आणि पत्र्याच्या पेटीवर तर नाहीच. कपाट वाळवी खाते, पेटी चोर नेतो. म्हणून वाइतेले गावातल्या घराचं खरेदीखत तिने आजीच्या मानाच्या चटईमागे ठेवून वर ठिगळ शिवलं आणि चटई गादीखाली सारली. जुन्या चटईला ठिगळं असायचीच, जितकी जास्त तितका मान. मयतीच्या घरी अशी चटई द्यायची रीत होती, पण तिला विचारल्याशिवाय ही कोणी नेणार नाही, असा तिचा समज होता.

ती ऑकलंडला लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि इकडे गावचा मुखिया वारला. नवऱ्याने, योआनेने, घरातली सर्वांत चांगली चटई नेऊन दिली.

"अहो, एक फोन करायचा होता!"

"कशाला? सगळ्यांनी वाखाणली. तुझंच नाव झालं."

"नाव झालं, घर गेलं! खत होतं तिच्यात!"

"मग मागून आणू?"

"दिलेली चटई मागायची? सात पिढ्या हसतील."

धाकट्या दिराने घरावर दावा लावला होता. तारीख सप्टेंबरात, आणि कचेरीतली प्रत पुरात गेलेली.

मयतीच्या घरी आलेली चटई तिथून पुढच्या मयतीला जाते. फुआतिनोही जाऊ लागली. आठ महिन्यांत अकरा मयती. दर वेळी एक चटई द्यायची, पुढे बसायचं आणि मिरवलेल्या चटयांच्या पाठी निरखायच्या. पाद्रीबाबांनी प्रवचनात तिच्या मायाळूपणाचा दाखला दिला.

ऑगस्टात सासू गेली. अडतीस वर्षांत तिने सुनेच्या हातच्या तारोच्या कंदाला कधी बरं म्हटलं नव्हतं. सवाई बेटावरच्या पाहुण्या बायकांनी एक चटई उलगडली आणि फुआतिनोने हंबरडा फोडला.

"सासूवर केवढा जीव!" दीरसुद्धा गहिवरला.

आलेल्या चटयांतली ती तिच्या वाट्याला आली. घरी तिने ठिगळ उसवलं. खत जसंच्या तसं होतं. दुसऱ्याच दिवशी ते पाहून दिराने दावा मागे घेतला. पण शेजारी आणखी एक ठिगळ होतं, नवं, निळ्या दोऱ्याचं. त्याच्याखाली सवाईच्या कोणा मालिए नावाच्या बाईचं खरेदीखत निघालं.

"ठेव जपून," योआने म्हणाला. "येईल न्यायला."

"कुठल्या तोंडाने येईल?" फुआतिनोने ठिगळ परत शिवलं आणि चटई घेऊन सवाईची बोट धरली.

मालिए दारात गोंधळली. "आमच्याकडे कोणी गेलं नाही, बाई."

"मागची बाजू बघा."

निळा दोरा दिसताच मालिए उंबऱ्यावरच मटकन बसली. "सहा मयती केल्या हो मी!"

"मी अकरा," फुआतिनो म्हणाली आणि तिच्याशेजारी टेकली.